यंत्राचा डोळा आणि उपचारकाची नजर

(पक्षाघातानंतरचे पुनर्वसन आणि शरीराची हालचाल ओळखणारे नवे तंत्रज्ञान या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



पक्षाघाताच्या झटक्यातून वाचलेला घरातला कर्ता माणूस रुग्णालयातून घरी परततो, तो दिवस त्या कुटुंबाला सणासारखा वाटतो. जिवावरचे संकट टळलेले असते. शेजारीपाजारी भेटून जातात, देवापुढे साखर ठेवली जाते. औषधांच्या यादीबरोबर व्यायामाचा एक कागदही मिळालेला असतो. त्यावर रेघांनी काढलेली माणसे असतात, हालचालीची दिशा दाखविणारे बाण असतात आणि खाली 'दहा वेळा, दिवसातून तीनदा' अशी सूचना असते. पहिला आठवडा सारे घर त्या कागदाभोवती फिरते. मुलगा कामावर जाण्यापूर्वी हात धरून व्यायाम करवून घेतो, सूनबाई दुपारी आठवण करते, नातवंडे मोठ्याने आकडे मोजतात. दुसऱ्या आठवड्यात मोजणी चुकू लागते. महिन्याभराने कागद कपाटाच्या दाराला चिकटलेला राहतो आणि दुबळा हात मांडीवर पडून राहतो.

यात कोणाचाही आळस नसतो, की मायेची उणीव नसते. व्यायाम नीट होतो आहे की नाही हे सांगणारा जाणता माणूस घरात नसतो, हे खरे कारण असते. फिजिओथेरपिस्ट म्हणजे भौतिकोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा-दोनदा भेटतात. मधल्या दिवसांत रुग्ण एकटा असतो. ही पोकळी यंत्राने भरून निघेल काय, असा प्रश्न गेल्या वीस वर्षांत जगभरच्या संशोधकांनी स्वतःला विचारला. त्याचे जे उत्तर हाती आले आहे, ते यंत्राविषयी जितके सांगते तितकेच उपचार करणाऱ्या माणसाविषयीही सांगते. आजच्या विवेचनाचा तोच विषय आहे.

मेंदूला हवी असते आवृत्ती

पक्षाघातात हाताच्या स्नायूंना इजा झालेली नसते. त्यांना आज्ञा देणारा मेंदूचा भाग निकामी झालेला असतो. सुदैवाने मेंदू हा घडीव दगडासारखा अचल अवयव नाही. एका भागाचे काम शेजारचे भाग काही प्रमाणात शिकून घेऊ शकतात. परंतु हे शिक्षण घोकंपट्टीसारखे असते. तीच हालचाल पुन्हा पुन्हा, आणि तीही काही उद्देशाने, केल्याशिवाय नवी वाट पडत नाही.

किती वेळा? प्राण्यांवरील प्रयोगांत एकेका बैठकीत शेकडो आवृत्त्या करून घेतल्या गेल्या, तेव्हा मेंदूत बदल दिसले. उलट, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत प्रत्यक्ष उपचारांच्या ३१२ बैठकींचे निरीक्षण करण्यात आले. हाताच्या उपयुक्त हालचालींचा सराव त्यांतील जेमतेम निम्म्या बैठकींत होत होता आणि जेथे होत होता, तेथे एका बैठकीत सरासरी ३२ आवृत्त्या होत होत्या. शेकडो कोठे आणि बत्तीस कोठे! हा दोष उपचारतज्ज्ञांचा नव्हे. रुग्णाला उठविणे, बसविणे, तोल सांभाळायला शिकविणे, ताठरलेले सांधे सैल करणे यातच ठरलेला वेळ संपतो.

दुसरी अडचण त्याहून सूक्ष्म आहे. दुबळा हात वापरण्याचा प्रयत्न फसला की माणूस चांगल्या हाताने काम भागवू लागतो. हळूहळू दुबळा हात वापरायचाच नाही, अशी सवय जडते. एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या प्रकाराला 'शिकलेला अनुपयोग' म्हटले आणि त्यावर एक कठोर उपाय मांडला. चांगल्या हातावर जाड मोजा चढवायचा, जागेपणीचा बहुतेक काळ तो तसाच ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडून दिवसाचे काही तास कसून सराव करून घ्यायचा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, २२२ रुग्णांवरील बहुकेंद्री चाचणीत या पद्धतीचा लाभ स्पष्टपणे दिसला. परंतु रोज इतके तास एका रुग्णामागे एक उपचारतज्ज्ञ बसविणे किती रुग्णालयांना आणि किती कुटुंबांना परवडेल? उपाय ठाऊक आहे, पण तो पोहोचविणारे हात अपुरे आहेत, अशी ही स्थिती होती.

हातात काही न धरता

अशा वेळी मदत आली ती अनपेक्षित दिशेने, करमणुकीच्या बाजारातून. २००६ साली निन्टेन्डो कंपनीने 'वी' हे खेळयंत्र विक्रीस आणले. हातातील दांडी हलविली की पडद्यावरची टेनिसची रॅकेट हलत असे. पाश्चात्त्य देशांतील अनेक पुनर्वसन केंद्रांनी ते हौसेने आणले. पण पक्षाघाताच्या रुग्णाची मोठी अडचण अशी की, त्याची मूठ एकतर मिटत नाही किंवा मिटली तर उघडत नाही. दांडी धरायची कशी आणि तिच्यावरचे बटण वेळेवर सोडायचे कसे?

नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'किनेक्ट' बाजारात आणले, तेव्हा ही अडचण एकदम दूर झाल्यासारखी वाटली. दूरचित्रवाणी संचाजवळ ठेवायची ती एक आडवी पट्टी होती. तिच्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या ठिपक्यांची जाळी समोर टाकली जाई. त्या ठिपक्यांची रचना वस्तूंवर पडून कशी बदलते, यावरून कोणती वस्तू किती दूर आहे हे यंत्र ओळखी. त्यातून माणसाची आकृती वेगळी काढून तिच्यातील डोके, खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे असे वीस बिंदू ते सेकंदाला तीस वेळा टिपत असे. हातात काही धरायचे नाही, अंगावर काही बांधायचे नाही, बटण दाबायचे नाही. हात उचलला की पडद्यावरचा हात उचलला जाई.

माणूस आणि यंत्र यांच्यातील देवाणघेवाणीच्या उंबरठ्याला संगणकाच्या परिभाषेत 'इंटरफेस' म्हणतात. कळफलक आणि माऊस हे त्याचे जुने प्रकार होत. त्यांत यंत्राची भाषा माणसाला शिकावी लागते. जेथे माणसाची नेहमीची हालचाल, हावभाव किंवा बोलणे यंत्राने समजून घ्यायचे असते, त्या प्रकाराला 'नॅचरल यूजर इंटरफेस' असे नाव आहे. आपण त्याला स्वाभाविक संवादाचा उंबरठा म्हणू. पुनर्वसनाच्या दृष्टीने येथे आणखी एक गोष्ट साधली होती. येथे शरीराची हालचाल हीच आज्ञा होती आणि हालचाल हाच औषधोपचारही होता. शिवाय प्रयोगशाळेतील हालचाल मोजणारी यंत्रणा लाखो रुपयांची असताना हे उपकरण अमेरिकेत सुमारे दीडशे डॉलर्सना मिळत होते. मायक्रोसॉफ्टने २०११ साली त्याची प्रणाली संशोधकांसाठी खुली केली आणि विद्यापीठांतून पुनर्वसनाच्या खेळांचे पीक आले.

खेळ कोणासाठी होता?

पण पीक आले म्हणजे सुगी झाली असे नाही. बाजारातले खेळ धडधाकट तरुणांसाठी रचलेले होते. ते वेगवान होते, दोन्ही हात-पाय सारखे चालतात असे गृहीत धरणारे होते आणि उभ्याने खेळायचे होते. इस्रायलमधील हैफा विद्यापीठातील संशोधकांनी सोनी कंपनीच्या 'आयटॉय' या कॅमेऱ्यावर किनेक्टच्या आधीच काम केले होते. खेळ रुग्णांना आवडत. परंतु ज्यांचा हात फारच दुबळा होता, त्यांच्यासाठी खेळाची पातळी हवी तितकी खाली आणता येत नव्हती, हे त्यांना दिसून आले. ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याच्याच हाती निराशा पडत होती.

निराशेचाही एक निराळा अर्थ येथे आहे. पंधरा वर्षांचा मुलगा हरला तर चिडून पुन्हा खेळतो. पण ज्याने चाळीस वर्षे नोकरी केली, घर उभे केले, त्याला आज पेला उचलता येत नाही. अशा माणसापुढे पडद्यावर शून्य गुण झळकले आणि हरल्याचे संगीत वाजले, तर तो खेळात हरत नाही, आपल्या हाताबद्दलची उरलीसुरली आशा हरतो. खेळ रचणाऱ्या अभियंत्याला हे सुचणे अवघड आहे. रुग्णाच्या डोळ्यांत पाणी आलेले ज्याने रोज पाहिले आहे, त्या उपचारतज्ज्ञाला ते सांगावे लागत नाही.

उपचारकक्षातला धडा

म्हणून काही संशोधकांनी क्रम उलटा केला. खेळ तयार करून तो उपचारतज्ज्ञांच्या हाती देण्याऐवजी, उपचारतज्ज्ञांना आधी विचारून खेळ तयार करायचा. याचे चांगले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या 'इन्स्टिट्यूट फॉर क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज' या संस्थेतील काम. तेथील संशोधक बेलिंडा लँग या स्वतः भौतिकोपचारतज्ज्ञ. त्यांच्या गटाने आधी बाजारातील खेळयंत्रे रुग्ण आणि उपचारतज्ज्ञ यांच्यापुढे ठेवून ती कोठे अडतात हे नोंदविले आणि मग किनेक्टवर चालणारा 'ज्युएल माइन' हा खेळ घडविला. पडद्यावर खाणीचे दृश्य दिसते, रुग्णाच्या प्रतिमेभोवती रत्ने मांडलेली असतात आणि ठरलेल्या क्रमाने हात पुढे करून ती गोळा करायची असतात. खेळ अगदी साधा. पण रुग्णाचा हात जेथवर पोहोचतो ते पाहून रत्नांच्या जागा ठरतात आणि कोणत्या बाजूला, किती वेळा हात न्यायला लावायचा हे उपचारतज्ज्ञ ठरवितो. २०११ साली या खेळाच्या प्राथमिक मूल्यमापनात पक्षाघात, मेंदूची दुखापत आणि मज्जारज्जूची दुखापत झालेल्या २० व्यक्तींनी भाग घेतला होता.

अशा प्रकल्पांत उपचारतज्ज्ञांनी ज्या गोष्टी वारंवार सांगितल्या, त्या पाहिल्या तर त्यांच्या नजरेचे मोल कळते.

पहिली गोष्ट फसव्या यशाची. रुग्णाला समोरच्या रत्नापर्यंत हात न्यायचा असतो. कोपर सरळ होत नाही, म्हणून तो नकळत कंबरेतून पुढे वाकतो, खांदा कानापर्यंत उचलतो आणि रत्नाला स्पर्श करतो. यंत्र गुण देते, घरचे टाळ्या वाजवितात. उपचारतज्ज्ञ मात्र मान हलवितो आणि म्हणतो, "काका, खांदा खाली. पाठ खुर्चीला टेकलेली राहू द्या. हात थोडाच गेला तरी चालेल." कारण या मार्गाने शेकडो आवृत्त्या केल्या तर मेंदू कोपर सरळ करायला शिकत नाही, वाकायला शिकतो. चुकीचा सराव हाही सरावच असतो. तेव्हा हात कोठे पोहोचला एवढेच न पाहता धड किती पुढे झुकले, खांदा किती उचलला गेला, हेही यंत्राने पाहिले पाहिजे आणि अशा वेळी गुण न देता सौम्य शब्दांत सुचविले पाहिजे. हे सूत्र उपचारकक्षातून आले. संगणकाच्या पुस्तकात ते नव्हते.

दुसरी गोष्ट थकव्याची. पक्षाघाताचा रुग्ण लवकर दमतो आणि दमला की हालचाल बिघडते. खेळाची ओढ त्याला थांबू देत नाही. विश्रांती केव्हा द्यायची हेही रचनेचाच भाग असले पाहिजे. आणि तोल जाऊन पडण्याची भीती तर नित्याचीच. त्यामुळे बसून खेळता येणे ही सवलत न राहता मूळ गरज ठरते.

तिसरी गोष्ट यंत्राच्या मर्यादेची. तोल जाऊ नये म्हणून उपचारतज्ज्ञ रुग्णाला खेटून उभा राहिला की पहिल्या किनेक्टचा गोंधळ उडे, दोन देह एकमेकांत मिसळत. चाकाच्या खुर्चीचे हात रुग्णाच्या हातांसारखे भासत. बोटांची बारीक हालचाल त्याला दिसतच नसे. प्रयोगशाळेत निरोगी विद्यार्थ्यावर चाचणी घेताना यांपैकी एकही अडचण समोर येत नाही. उपचारकक्षात पहिल्या पाच मिनिटांत येते.

चौथी गोष्ट वेळेची. ज्या उपचारतज्ज्ञाकडे रुग्णामागे अर्धा तास आहे, त्याची दहा मिनिटे यंत्र जुळविण्यात जाणार असतील, तर ते यंत्र कपाटातच राहील. उपचारतज्ज्ञासाठीचा पडदा रुग्णासाठीच्या पडद्याइतकाच सोपा असला पाहिजे.

चाचण्यांचा कौल

आता एवढ्या खटाटोपाचे फलित काय? येथे उत्साहापेक्षा प्रामाणिकपणा महत्त्वाचा. २०१६ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात कॅनडातील गुस्ताव्हो सॅपोस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. चार देशांतील १४१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर 'वी'वरील खेळ दिले गेले आणि उरलेल्यांना पत्ते, बिंगो, चेंडू असे साधे खेळ. दोन्ही गट सुधारले आणि दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. महागडे खेळयंत्र आणि पत्त्यांचा जोड यांचे फळ सारखेच!

२०१७ साली 'कॉक्रेन' या संस्थेने ७२ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. नेहमीच्या उपचारांच्या जागी असे आभासी खेळ दिले, तर हाताला अधिक लाभ होतो असे त्यात दिसले नाही. नेहमीच्या उपचारांत त्यांची भर घातली, तर मात्र लाभ दिसला. म्हणजे गुण पडद्याचा नव्हता, वाढलेल्या सरावाचा होता. २०२५ च्या सुधारित आढाव्यात चाचण्यांची संख्या खूप वाढली होती आणि हाताच्या हालचालीत थोडा अधिक लाभ दिसून आला. 'थोडा' हा शब्द येथे विसरू नये.

याउलट, उपचारपद्धती आधी आणि खेळ नंतर, असा क्रम ठेवलेल्या प्रयोगांची कथा पाहावी. अमेरिकेत लिन गॉथिए यांच्या गटाने टॉब यांची ती जाड मोज्याची पद्धतच किनेक्टच्या खेळात उतरविली. खेळ नदीतील होडीचा. रुग्णाने हातांनी वल्हवायचे, तरंगत्या बाटल्या उचलायच्या, अंगावर येणारी वटवाघळे हुसकायची. प्रत्येक हालचाल उपचाराच्या सूत्रातून आलेली. या खेळाच्या बहुकेंद्री चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. घरी खेळणाऱ्या आणि अधूनमधून उपचारतज्ज्ञाशी दूरदृश्य पद्धतीने बोलणाऱ्या रुग्णांचा दैनंदिन कामांतील हाताचा वापर, केंद्रात तासन्‌तास उपचार घेणाऱ्यांच्या तोडीने वाढला आणि त्यासाठी उपचारतज्ज्ञाचा वेळ कितीतरी कमी लागला. उपचारतज्ज्ञाशी होणाऱ्या त्या संवादाचा वाटा मोलाचा होता. खेळाने आवृत्त्या करून घेतल्या. 'आज चहाचा कप कोणत्या हाताने धरलात?' हे विचारायला माणूसच लागला.

सांध्यांच्या बाबतीतही असाच अनुभव आहे. 'व्हेरा' नावाच्या यंत्रणेत पडद्यावरची एक आकृती व्यायाम करून दाखवी, किनेक्ट रुग्णाची हालचाल पाही आणि दूर बसलेला भौतिकोपचारतज्ज्ञ नोंदी तपासून व्यायाम बदली. गुडघेबदल शस्त्रक्रिया झालेल्या ३०६ अमेरिकन रुग्णांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा उणी ठरली नाही आणि बारा आठवड्यांचा खर्च रुग्णामागे सरासरी २,७४५ डॉलर्सनी कमी झाला. येथेही यंत्रामागे उपचारतज्ज्ञ उभा होताच.

यंत्र बंद पडते तेव्हा

या कथेत एक बोचरे वळण आहे. ज्या उपकरणावर एवढे संशोधन उभे राहिले, ते मुळात करमणुकीच्या बाजारासाठी होते. बाजारातील मागणी ओसरली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने किनेक्टचे उत्पादन थांबविले. २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती 'अझूर किनेक्ट' या नावाने आली, तीही २०२३ मध्ये बंद झाली. रुग्णालयांत बसविलेल्या यंत्रणांचा आधारच निखळला. पुनर्वसन केंद्रांची गरज कायम होती. पण त्या गरजेला बाजाराच्या हिशेबात स्थान नव्हते.

यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे. उपकरण येते आणि जाते, उपचारतज्ज्ञांकडून मिळालेले ज्ञान मात्र उपकरणापासून वेगळे जपून ठेवले पाहिजे. धड किती अंशांनी झुकले की टोकायचे, थकवा कसा ओळखायचा, कोणत्या शब्दांत धीर द्यायचा हे नीट लिहून ठेवले असेल, तर डोळा बदलला तरी नजर टिकते. आज तो नवा डोळा प्रत्येकाच्या खिशात आहे. गूगलची २०२० पासून उपलब्ध असलेली एक मोफत प्रणाली साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातून शरीरावरील ३३ बिंदू ओळखते. किनेक्टसारखे अंतर ती थेट मोजत नाही, अंदाजाने ठरविते, त्यामुळे समोरच्या दिशेने होणाऱ्या हालचालीत चूक होऊ शकते. तरीही महागड्या उपकरणाची अट त्यामुळे उरलेली नाही, ही लहान गोष्ट नव्हे. घरातील कॅमेऱ्याचे चित्रण कोठे साठविले जाते आणि कोण पाहते, हे विचारण्याची सवय मात्र कुटुंबाने लावून घेतली पाहिजे.

आपल्या घरातले व्यायाम

उपचारक आणि घडविणारा एकत्र बसले की काय घडते, हे भारताने संगणकयुगापूर्वीच पाहिले आहे. १९६८ साली जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून 'जयपूर फूट' घडविला. परदेशी बनावटीचा कृत्रिम पाय बुटात घालून खुर्चीवर बसणाऱ्यासाठी उत्तम होता. आपल्या शेतकऱ्याला अनवाणी चिखलात उतरायचे असते, उकिडवे बसायचे असते, मांडी घालून पंगतीत जेवायचे असते. त्या परदेशी पायाने हे जमत नसे, म्हणून रुग्ण तो टाकून कुबड्यांकडे वळत. रबराचा, पावलासारखा दिसणारा आणि वाकणारा पाय आला तो रुग्णांचे जगणे पाहून. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कारागिराच्या हातातली जाण आणि शल्यविशारदाचे शास्त्र यांपैकी एकच असते, तर तो पाय घडला नसता.

तोच प्रश्न आज हालचाल ओळखणाऱ्या यंत्रांपुढे आहे. किनेक्टला एका माणसासाठी सुमारे सहा फूट मोकळे अंतर लागे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पलंग, कपाट आणि स्वयंपाकाचा ओटा धरून ते अंतर कोठून आणायचे? सैल वस्त्रांत अवयवांची ठेवण नीट कळत नाही, ही अशा कॅमेऱ्यांची सर्वज्ञात मर्यादा आहे; नऊवारी किंवा पाचवारी नेसलेल्या आजींचा गुडघा त्याला कसा दिसावा? आणि मुख्य म्हणजे व्यायाम कोणता? टेनिस आणि होडी हे ज्यांच्या आठवणीतले खेळ आहेत, त्यांना ते लखलाभ होवोत. आपल्या आजींना भाकरी थापायची असते, पोळी लाटायची असते, तुळशीला पाणी घालायचे असते, लुगड्याच्या निऱ्या काढायच्या असतात. आजोबांना जमिनीवरून उठायचे असते, धोतर सावरायचे असते, दोन्ही हात जुळवून नमस्कार करायचा असतो. भाकरी थापताना मनगट आणि पसरलेली बोटे यांना जो व्यायाम होतो, तो उपचारतज्ज्ञ चटकन ओळखतील. पोळी लाटताना दोन्ही हात एकत्र पुढे-मागे जातात. दुबळ्या हाताला चांगल्याची साथ मिळते. हे सारे खेळात उतरविता येण्यासारखे आहे. सूचना मराठीत हव्यात, त्याही आजींना 'अहो आजी' म्हणणाऱ्या, आदराच्या. पक्षाघातात काहींची वाचा आणि भाषेची समजही बाधित होते, म्हणून शब्दाबरोबर चित्रही हवे.

आपल्या देशात या दिशेने काम सुरू झाले आहे. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि मद्रास आयआयटी यांनी मिळून 'प्लूटो' हे हाताच्या पुनर्वसनाचे सुटसुटीत यंत्र विकसित केले. एकाच मोटरला वेगवेगळ्या मुठी जोडून मनगटाचे आणि पंजाचे निरनिराळे व्यायाम पडद्यावरील खेळांच्या साहाय्याने करता येतात. कॅमेऱ्याऐवजी येथे हाताला आधार देणारे यंत्र आहे, पण रीत तीच. रुग्णांचे रुग्णालय आणि अभियंत्यांची संस्था यांची ती भागीदारी आहे. वेल्लोरच्या त्या पुनर्वसन विभागाची उभारणी डॉ. मेरी व्हर्गीस यांनी केली. १९५४ च्या मोटार अपघातात त्यांच्या शरीराचा खालचा भाग कायमचा लुळा पडला होता. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी इतरांना उभे केले. ज्याने भोगले आहे आणि ज्याने हात लावून पाहिले आहे, त्याच्या शेजारी बसूनच या क्षेत्रात काही उभे राहते.

यंत्राने काय करावे, आपण काय करावे

बंधू-भगिनींनो, महाराष्ट्रातील अनेक शहरांत अभियांत्रिकी महाविद्यालय आणि भौतिकोपचार महाविद्यालय एकाच रस्त्यावर असतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला विद्यार्थी प्रकल्प शोधत असतात आणि पलीकडच्या इमारतीत उपचारतज्ज्ञ तोच व्यायाम शंभराव्यांदा तोंडाने मोजत असतात. हा रस्ता ओलांडायला सरकारी योजना लागत नाही. विद्यार्थ्याने महिनाभर उपचारकक्षात एका कोपऱ्यात वही घेऊन बसावे, काही विचारू नये, फक्त पाहावे. मग संगणक उघडावा. सेवाकार्यात असलेल्या कार्यकर्त्यांना ही दोन दारे एकमेकांस दाखवून देणे सहज शक्य आहे.

कुटुंबांनीही एक पथ्य पाळावे. जाहिरात पाहून यंत्र विकत घेऊ नये किंवा मोबाइलवर खेळ उतरवून रुग्णापुढे ठेवू नये. आपल्या उपचारतज्ज्ञांना दाखवावे, कोणत्या हालचाली चालतील आणि कोणत्या टाळायच्या हे लिहून घ्यावे, पहिल्या काही बैठकी त्यांच्यासमोर कराव्यात. कॅमेऱ्याला हात दिसतो, पण तो किती ताठरला आहे हे कळत नाही. ते हातात हात घेतल्यावरच कळते. खांदा दुखतो आहे म्हणून रुग्ण गप्प बसला आहे, की मनच लागत नाही म्हणून, हेही यंत्राला उमगत नाही.

यंत्राचे काम मोजण्याचे आहे, आठवण देण्याचे आहे, न कंटाळता पाचशेव्यांदाही तेच दाखविण्याचे आहे. ते त्याने केले, तर उपचारतज्ज्ञाचा वेळ मोकळा होईल आणि तो जाणत्या नजरेच्या कामासाठी वापरता येईल. ही वाटणी नीट झाली, तर कपाटाच्या दारावरचा तो कागद महिन्याभरातच विसरला जाणार नाही. नातवंडे आकडे मोजत राहतील, आजोबा हात पुढे करत राहतील आणि एखाद्या सकाळी, खांदा न उचलता, पाठ न वाकविता, त्यांचा हात चहाच्या कपापर्यंत पोहोचेल. हा सारा खटाटोप त्या एका कपासाठी आहे.